सिंधच्या सरहद्दीवर जॉन जेकब: धाक, शिलेदार आणि कालव्याचं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जॉन जेकब या इंग्रज अधिकाऱ्याने 1847 ते 1858 या काळात वरच्या सिंधची सरहद्द शांत केली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरोखर एका माणसाच्या धाकाने झालं का? आणि अशा अधिकाऱ्याची कारकीर्द अभ्यासायची तर कागदपत्रं कुठल्या क्रमाने वाचावीत?

धाक होता, आणि त्याची किंमत शेकडो माणसांच्या जिवाने मोजली गेली. ते झाकून जेकबबद्दल बोलता येत नाही. पण धाक त्याच्या आधीच्यांकडेही होता, फौज तर जास्तच होती, आणि तरीही सरहद्द पेटलेली होती. जेकबने वेगळं काय केलं, ते समजून घ्यायचं तर त्याच्या तलवारीपेक्षा त्याच्या शिलेदारांचा हिशेब आणि बेगारी कालव्याचा गाळ यांकडे जास्त बघावं लागतं. मी मुंबई इलाख्याच्या दप्तरांत तीस वर्षं काम केलं. त्यातली बरीच वर्षं सिंधच्या कागदांवर गेली, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो.

आधी माणूस कोण होता ते पाहू. जेकबचा जन्म 11 जानेवारी 1812 चा, इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या वूलाव्हिंग्टन गावचा. वडील तिथल्या चर्चचे पाद्री. ॲडिस्कोंबच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी शाळेत शिक्षण झालं आणि सोळाव्या वाढदिवशी, 1828 मध्ये, मुंबईच्या तोफखान्यात नेमणूक मिळाली. मुलगा जहाजात बसला तो पुन्हा कधीच इंग्लंडला गेला नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. त्या काळच्या अधिकाऱ्यांत हे फार क्वचित दिसतं, आणि त्याच्या स्वभावाचा हा धागा पुढे सगळीकडे लागतो. घर नाही, लग्न नाही, रजा नाही, हाताखालची माणसं आणि काम एवढंच.

पहिली दहा वर्षं तोफखान्यात आणि गुजरातेत साध्या कामांत गेली. पहिल्या अफगाण युद्धासाठी मुंबईची फौज सिंधमार्गे निघाली तेव्हा तोही निघाला. 1839 च्या अखेरीस मेजर बिलामोर यांच्या तुकडीबरोबर तो कच्छीच्या उत्तरेकडच्या डोंगरांत गेला. (आपल्या शेजारचं कच्छ वेगळं. ही कच्छी म्हणजे बलुचिस्तानचा सपाट, कोरडा भाग.) तिथे बुगटी, मरी आणि डोमकी टोळ्यांशी गाठ पडली. इंग्रजी फौजेने त्या डोंगरांत पाय ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे ज्या माणसांशी आयुष्यभर संबंध येणार होता, त्यांना जेकबने पहिल्यांदा पाहिलं ते असं तोफेच्या मागे उभं राहून.

त्याला खरी संधी दिली जेम्स आउट्रमने. आउट्रम आपल्याकडे अनोळखी नाही. 1825 मध्ये खानदेशात धरणगावला भिल्ल पलटण उभी करणारा, पुढे साताऱ्याला आणि बडोद्याला रेसिडेंट असलेला, आणि बडोद्याच्या लाचखोरीच्या चौकशीतून आपला ‘खटपट’ हा शब्द इंग्रजी सरकारी कागदांत गाजवणारा तो हाच. सिंधमध्ये पोलिटिकल एजंट असताना त्याने तीस वर्षांच्या जेकबकडे सिंध अनियमित घोडदळ सोपवलं. मियाणी (17 फेब्रुवारी 1843), दब्बा (24 मार्च) आणि शहदादपूर (14 जून) या तिन्ही लढायांत हे घोडदळ होतं. शहदादपूरला मीरपूरच्या शेर मुहंमदाचा पराभव खुद्द जेकबनेच केला. सिंधवर राज्य करणाऱ्या तालपूर अमिरांचं राज्य गेलं आणि सिंध कंपनीकडे आला.

आता ज्याच्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत एखादंच वाक्य असतं, त्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण मराठी वाचकाला ती चटकन कळेल. हे घोडदळ शिलेदारी होतं. इंग्रजी कागदांत ‘सिल्लादार’ असं लिहिलेलं दिसतं, पण शब्द आपलाच आहे आणि पद्धतही आपल्या ओळखीची आहे. घोडा, खोगीर, हत्यार आणि पोशाख ज्याचा त्याचा. सरकार दरमहा एक ठरलेली रक्कम देणार आणि त्यातच घोड्याचा दाणावैरण भागवायचा. स्वतःची घोडी बाळगणारा तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. नाळही मराठीच आहे. 1817 च्या पुण्याच्या तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने जे पुणे घोडदळ उभं राहिलं, त्यातल्याच एका तुकडीभोवती 1839 मध्ये सिंधच्या हैदराबादेत हे नवं घोडदळ रचलं गेलं. माणसं मात्र पुढे मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातल्या मुसलमान घराण्यांतली आली.

जेकबने या पद्धतीत दोन गोष्टी घट्ट धरल्या. पहिली पगाराची. बंगालच्या अनियमित घोडदळात स्वाराला महिना वीस रुपये मिळत होते, जेकबच्या स्वाराला तीस. वीस रुपयांत माणूस आणि घोडा दोघांनी जगायचं म्हणजे कर्ज आलंच. कर्ज आलं की सावकार पलटणीचा मालक होतो, आणि ज्याचा घोडा सावकाराकडे गहाण तो स्वार रात्रीच्या गस्तीला घोडा दमवत नाही. हे जेकबने वरिष्ठांना पुन्हा पुन्हा लिहिलं. दुसरी गोष्ट गोऱ्या अधिकाऱ्यांची. आठशे स्वारांच्या एका रेजिमेंटमध्ये त्याला चार-पाचच हवे होते. बाकी सगळा कारभार रिसालदार, जमादार आणि दफेदार यांच्या हाती. देशी अधिकाऱ्याला अधिकार नसेल तर त्याचं त्याच्या माणसांवर काही चालत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. याच मतावरून त्याने बंगालच्या फौजेवर 1857 च्या कितीतरी आधी जाहीर टीका केली आणि वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला.

जानेवारी 1847 मध्ये तो सरहद्दीवर आला तेव्हाची अवस्था अशी होती. सिंधचे गव्हर्नर सर चार्ल्स नेपियर यांनी सरहद्दीवर मातीचे कोट बांधून त्यांत शिबंदी ठेवली होती. कोटाचे दरवाजे संध्याकाळी बंद होत. बुगटी घोडेस्वार दोन ठाण्यांच्या मधून निघून जात, शिकारपूरच्या रोखाने गावं लुटत आणि गुरं हाकून परत डोंगरात जात. डिसेंबर 1846 मध्ये सुमारे दीड हजारांची अशीच एक टोळी आत शिरली, दिवसभर इंग्रजी मुलखात राहिली आणि हजारो गुरं घेऊन गेली. कोटांतल्या फौजेने तिला अडवलं नाही. नेपियर यांनी त्याआधीच सगळ्या बुगटी जमातीला कायद्याबाहेरचं ठरवून प्रत्येक बुगट्यामागे दहा रुपयांचं बक्षीस लावलं होतं. जेकबला हे पटलं नाही. सगळी जमातच गुन्हेगार ठरवली की मग गुन्हा कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही, आणि जमातीतल्या शांत माणसालाही टोळीशिवाय आसरा राहत नाही.

त्याचा मुक्काम पडला खानगढला. शिकारपूरपासून वायव्येला, रणरणत्या पटांगणात मातीचा एक लहानसा कोट आणि चार झोपड्या. पिण्याच्या पाण्याचे वांधे, चाऱ्याचे वांधे. पाऊस वर्षाला जेमतेम चार-पाच इंच. या जागेचा उन्हाळा आजही जगात कुप्रसिद्ध आहे. मे 2022 मध्ये तिथलं तापमान 51 अंशांवर गेलं होतं. जेकबने आल्याबरोबर कोटांतली फौज बाहेर काढली. ठाणी उघड्या मैदानात, तटबंदीशिवाय. स्वारांच्या लहान तुकड्या रात्रंदिवस ठाण्यांच्या पुढे, वाळवंटाच्या कडेने फिरत राहणार. भिंतीच्या आड बसलेला शिपाई फक्त भिंत राखतो, असा त्यामागचा विचार. स्थानिक बलुच वाटाडे त्याने नोकरीत ठेवले, पायाचा माग काढण्याचं काम त्यांचं.

इथवरची गोष्ट कुठल्याही चरित्रात सापडेल. तुम्ही नीट लक्ष द्यावं असा भाग यापुढे आहे.

नेपियर यांनी 1845 च्या मोहिमेनंतर डोमकी आणि जखराणी या दोन बलुच जमातींना सरहद्दीच्या आत, जानीदेरोच्या आसपास जमिनी देऊन वसवलं होतं. ते आता इंग्रजांच्या संरक्षणाखालचे रयत, आणि बुगटी तेवढे लुटारू, असा सगळ्या सरकारी कागदांचा सूर होता. जेकबच्या लक्षात आलं की हे आत वसवलेले लोकही रात्री सरहद्द ओलांडून कच्छीत आणि बुगट्यांवर धाडी घालत आहेत. तक्रार एकाच बाजूची कागदावर येत होती, कारण कच्छीतल्या लुटलेल्या माणसाचं गाऱ्हाणं इंग्रजी कचेरीत कोण नोंदवणार? म्हणजे सरहद्दीवरचा जो ‘उपद्रव’ म्हणून लिहिला जात होता, तो दोन बाजूंच्या सूडाचा फेरा होता, आणि त्यातली एक बाजू कंपनी सरकारच्याच छत्राखाली होती.

जेकबने नियम केला तो दोन्ही बाजूंना लागू होणारा. सरकारी चाकरीत नसलेल्या कोणीही लेखी परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. धाड म्हणजे धाड. सूड म्हणून घातली, जुनं वैर म्हणून घातली, लुटून नेलेलं परत आणायला घातली, कारण काहीही असो, शिक्षा सारखीच. लुटला गेलेला माणूस आपल्या रयतेपैकी असो की पलीकडचा, न्याय त्यालाही मिळणार. आज वाचताना हे साधं वाटतं. पण त्या वेळच्या सरहद्दीवर हत्यार हीच माणसाची पत होती, आणि ते काढून घ्यायचं म्हणजे त्याच्या रक्षणाची हमी स्वतः घ्यायची. जेकबने ती घेतली, आणि म्हणूनच गस्त इतकी कडक ठेवावी लागली. निःशस्त्र केलेलं गाव लुटलं गेलं असतं तर त्याचा सगळा डोलारा एका रात्रीत कोसळला असता.

धाकाचा दिवस आला 1 ऑक्टोबर 1847 ला. सातशेच्या आसपास बुगटी, बहुतेक सगळे पायी, सरहद्दीत शिरले. जेकबचा हाताखालचा अधिकारी लेफ्टनंट मेरीवेदर 133 स्वार घेऊन त्यांच्यावर तुटून पडला. मैदान उघडं होतं, पळायला डोंगर लांब होते. सुमारे 560 बुगटी मारले गेले, 120 च्या आसपास पकडले गेले. निसटले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. एका जमातीची लढणारी पिढी काही तासांत संपली. इंग्रजी चरित्रांत हा एक झळाळता विजय म्हणून येतो, आणि त्यानंतर सरहद्द शांत झाली असं लगेच पुढचं वाक्य असतं. तुम्ही मात्र लिहिताना या दोन वाक्यांच्या मध्ये ती 560 माणसं आणि त्यांच्या डोंगरातली घरं यांना जागा द्या. नंतरची दहा वर्षं ज्या शांततेवर उभी आहेत तिच्या पायात ही संख्या आहे, आणि तिच्याशिवाय नियम, परवाने, न्याय ही सगळी भाषा अपुरी पडते.

पण धाकाने सगळं होत असतं तर त्या दिवशीच संपलं असतं. जखराण्यांचं काय करायचं, हा प्रश्न शिल्लक होता. हत्यार काढून घेतलेला, घोडा काढून घेतलेला, शेती कधी न केलेला माणूस जगणार कसा? आउट्रमने खानदेशात याच पेचावर उत्तर काढलं होतं ते भिल्लांना पलटणीत घेऊन. लुटणाऱ्यालाच पहारेकरी करायचं. जेकबने शिष्य असूनही गुरूचा मार्ग घेतला नाही. थोडे वाटाडे सोडले तर बलुचांना त्याने आपल्या घोडदळात घेतलं नाही. त्याने त्यांच्या हाती कुदळ दिली. शेकडो जखराण्यांना कालव्याच्या खोदाईवर आणि गाळ काढण्यावर लावलं, मजुरी रोख. सुरुवातीला त्यांना ते काम जमेना. मातीकाम हे त्यांच्या दृष्टीने हलकं. पण मजुरी नियमित मिळत गेली तशी तीच माणसं सिंधी मजुरांपेक्षा जास्त काम उपसू लागली आणि त्याचा अभिमान सांगू लागली, असं जेकबने स्वतः लिहून ठेवलं आहे. हे त्याचंच म्हणणं आहे, हे विसरू नका. पण जमीन लागवडीखाली आली आणि ते लोक त्याच भागात शेतकरी म्हणून स्थिरावले, हे नंतरच्या काळातही दिसतं.

खानदेश आणि वरचा सिंध यांची ही तुलना मला फार मोलाची वाटते, आणि ती कोणी नीट केलेली माझ्या पाहण्यात नाही. एक मार्ग गुरूचा, दुसरा त्याच्याच शिष्याचा. सातपुड्यात भिल्लाला जंगल ठाऊक होतं आणि इंग्रजांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून भिल्लच शिपाई म्हणून हवा होता. सिंधच्या पटांगणात लपायला जागाच नव्हती. तिथे माहितीपेक्षा वेग लागत होता, आणि वेग शिलेदारांच्या घोड्यांकडे होता. भूगोलाने धोरण ठरवलं. तुम्ही प्रबंध लिहिणार असाल तर याच विषयावर लिहा, असा माझा आग्रह आहे.

पाण्याबद्दल आणखी थोडं. वरच्या सिंधची शेती पावसावर होत नाही, सिंधू नदीच्या पुराचं पाणी कालव्यांनी फिरवून होते. बेगारी हा जुना कालवा. ‘बेगारी’ म्हणजे बिनमजुरीचं सक्तीचं काम. पूर्वी त्याची साफसफाई तशीच होत असावी, नावच ते सांगतं. गाळाने तो अरुंद आणि उथळ झाला होता. 1851 पासून सिंधचे कमिशनर असलेले बार्टल फ्रियर यांनी पैशाला मंजुरी मिळवून दिली आणि जेकबने 1850 च्या दशकात तो रुंद आणि खोल करून वाळवंटाच्या कडेपर्यंत नेला. (फ्रियर त्याआधी साताऱ्याला होते, पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले.) पाणी आलं तशी गावं आली, गावं आली तसा सारा आला. मी स्वतः या भागाच्या महसुलाचे कागद वाचले तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की गस्तीची ठाणी आणि कालव्याच्या शाखा नकाशावर जवळजवळ बरोबरीने पुढे सरकतात. जिथे लागवड आली तिथे गस्तीची गरज कमी झाली. हा कालवा आजही वाहतो आहे. 1962 मध्ये पूर्ण झालेल्या गुड्डू बंधाऱ्यातून त्याला पाणी मिळतं.

1851 मध्ये खानगढला जेकबाबाद हे नाव मिळालं, गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या हुकमाने. चार झोपड्यांच्या जागी बाजारपेठ, रस्ते, झाडं. जेकबचा बंगला म्हणजे अर्धा कारखाना होता. तिथे त्याने स्वतः घड्याळ बनवलं. चार खाचांची दुनळी बंदूक आणि तिच्यासाठी फुटणारी गोळी तयार केली, स्वतःच्या पगारातून प्रयोग केले आणि दोन हजार यार्डांवरच्या निशाणावर चाचण्या घेतल्या. सरकारने ती बंदूक फौजेसाठी घेतली नाही. 1858 मध्ये जेकबाबादला उभ्या केलेल्या नव्या पायदळ पलटणीला मात्र ‘जेकब्स रायफल्स’ हेच नाव मिळालं.

राजकारणाच्या बाजूने दोन कागद महत्त्वाचे. एक म्हणजे 14 मे 1854 चा, बलुचिस्तानातल्या कलात राज्याच्या खानाशी झालेला तह. मस्तुंगला जेकबने तो मीर नसीर खानाबरोबर केला. खानाला वर्षाला पन्नास हजार रुपये, आणि त्याने आपल्या प्रजेला इंग्रजी मुलखात धाडी घालू द्यायच्या नाहीत, व्यापाराचे रस्ते सुरक्षित ठेवायचे. दुसरा म्हणजे 1856 मध्ये त्याने गव्हर्नर जनरल कॅनिंग यांना केलेली सूचना की क्वेट्ट्याला कायमचं ठाणं बसवावं. त्यावेळी ती बाजूला ठेवली गेली. वीस वर्षांनी इंग्रज क्वेट्ट्यात गेले. मधल्या काळात जेकबने फ्रियर रजेवर असताना सिंधचा कमिशनर म्हणून काम पाहिलं. 1857 मध्ये इराणच्या मोहिमेत आउट्रमबरोबर गेला आणि बुशहरचा ताबा सांभाळून परत आला. 5 डिसेंबर 1858 ला जेकबाबादलाच वारला. वय अवघं 46. कामाने माणूस झिजला होता.

आता त्याच्या पद्धतीची मर्यादा. जेकबच्या मते कलातच्या राज्यात कोणाशी बोलायचं तर फक्त खानाशी. मरी, बुगटी या टोळ्यांच्या सरदारांशी इंग्रजांनी थेट व्यवहार करायचा नाही, त्यांची जबाबदारी खानाची. सिंधच्या सपाट सरहद्दीवर हे चाललं, कारण डोंगराच्या पायथ्याशीच गस्त पुरेशी होती. पण खान स्वतःच सरदारांशी भांडत बसला तेव्हा या धोरणाला उत्तर राहिलं नाही. पलीकडे पंजाबच्या डेरा गाझी खानमध्ये 1866 पासून रॉबर्ट सँडमन हा इंग्रज अधिकारी होता. तो डोंगरात जाऊन थेट सरदारांशी बोलायचा, त्यांना पगारी स्वार ठेवायला पैसे द्यायचा, जिरग्याकडून, म्हणजे टोळीच्या पंचायतीकडून, भांडणं तोडून घ्यायचा. सिंधचा कमिशनर झालेला तोच मेरीवेदर, 1847 च्या लढाईतला, जेकबचं धोरण शेवटपर्यंत धरून राहिला आणि सँडमनशी त्याचं वर्षानुवर्षं वाजलं. 1871 मध्ये मिठणकोटला दोन्ही प्रांतांच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली, तरी मिटलं नाही. अखेर सरकारने सँडमनचं ऐकलं. 1876 मध्ये त्याने मस्तुंगला खान आणि सरदारांमध्ये समेट घडवला. त्याच वर्षी 8 डिसेंबरला व्हाइसरॉय लिटन यांनी खानाशी नवा तह केला तो जेकबाबादला, ज्याची रीत मागे टाकली जात होती त्याच्याच गावात.

म्हणून काही अभ्यासक जेकबला चुकलेला आणि सँडमनला बरोबर ठरवतात. मला ते मान्य नाही. सँडमनने सरदाराच्या हाती पैसा आणि सत्ता दिली, आणि सरदाराच्या खालचा साधा माणूस त्याच्या हवाली केला. जेकबने सरदाराला मध्ये न घेता प्रत्येक माणसाला एकच कायदा लावायचा प्रयत्न केला. बलुच समाजात सरदारी पुढे किती पक्की झाली ते पाहिलं की जेकबचा मार्ग कठोर असूनही काही बाबतींत अधिक सरळ वाटतो. अर्थात दोघांनीही केलं ते साम्राज्यासाठी. त्या मुलखातल्या माणसांना ‘तुम्हाला काय हवं’ असं कोणी विचारलं नव्हतं.

आता वाचनाच्या क्रमाबद्दल. जवळजवळ सगळे विद्यार्थी जेकबच्या 1854 च्या अहवालापासून किंवा लुईस पेली याने 1858 मध्ये संपादित केलेल्या जेकबच्या लेखसंग्रहापासून सुरुवात करतात. (पेली हा जेकबचा हाताखालचा अधिकारी. 1875 मध्ये बडोद्याला मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं गेलं तेव्हा तिथे सरकारचा प्रतिनिधी म्हणून होता तो हाच.) हे दोन्ही कागद जेकबची बाजू जेकबच्याच शब्दांत सांगतात. आधी उजाड, मग मी आलो, मग नंदनवन, अशी त्यांची मांडणी आहे. ते आधी वाचलं की डोळ्यांवर तो चष्मा बसतो आणि मग काढता येत नाही. मी स्वतः ही चूक केली आणि पहिली दोन वर्षं जानीदेरोच्या धाडींकडे माझं लक्षच गेलं नाही.

उलट क्रमाने जा. आधी नेपियर आणि आउट्रम यांच्या वादाचे कागद वाचा, म्हणजे सिंध काबीज करण्यावरून अधिकाऱ्यांत किती खोल फूट होती आणि जेकब त्यात आउट्रमच्या बाजूने उभा होता हे कळेल. नेपियरच्या कारभाराबद्दल जेकब जे लिहितो त्याला या वैराचा रंग आहे. मग 1847 ते 1850 मधला सरहद्दीचा रोजचा पत्रव्यवहार. मग महसूल आणि कालव्याचे हिशेब, कारण हिशेब लिहिणाऱ्याला कोणाचं चरित्र लिहायचं नसतं. मुंबई सरकारने 1855 मध्ये सिंधविषयक अहवालांचा जो मोठा खंड छापला तो त्यानंतर. जेकबचे स्वतःचे लेख सगळ्यांत शेवटी.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे सिंधचं जुनं दप्तर पाहायला कराचीच्या आधी तिथेच जावं लागतं. मागणीपत्र भरताना गावांची आणि जमातींची आजची रूपं घालू नका, मिळणार नाही. जुन्या कारकुनांनी कानाला ऐकू येईल तसं लिहिलं आहे. जखराणींचं ‘जेक्रानी’, डोमकींचं ‘दूमकी’, बुगटींचं ‘बूगटी’ आणि खानगढचं ‘खानगर’. प्रत्येकाची तीन-चार रूपं वहीत लिहून घेऊन जा. खालच्या थरातले कागद फारसीत असायचे. अरबी लिपीतली सिंधी 1853 मध्ये ठरवली गेली, त्यानंतर हळूहळू तीही दिसते. फारसी येत नसेल तर ती जाणणारा एखादा सोबती शोधा, कारण ज्यांच्यावर राज्य केलं गेलं त्यांचा आवाज ऐकू येण्याची शक्यता त्याच कागदांत जास्त आहे.

जेकबच्या कबरीवर जेकबाबादमध्ये अजून दिवे लावतात, लोक नवस बोलतात. तुम्ही हे वाचलं असेल आणि लोक त्याच्यावर प्रेम करत होते याचा पुरावा म्हणून ते वापरायचा मोह होईल. जपून वापरा. ज्या गावाला पाणी मिळालं, त्या गावच्या लोकांची ही आठवण आहे. डोंगरातल्या बुगट्यांकडे 1 ऑक्टोबर 1847 ची आठवण कशी राहिली, ती त्यांच्या गाण्यांत किंवा वंशावळीत कुठे सापडते का, हे शोधायला बलुची जाणणारं कोणीतरी हवं. तसा माणूस तुमच्या ओळखीत असेल तर मला जरूर कळवा. पत्रव्यवहाराच्या माझ्याकडच्या टिपणवह्या मी तुम्हाला खुशाल वाचायला देईन.